पिरान्हा टँक: अकरावा आठवडा, आठ मासे, साडेसात शेपट्या

अखेर मासे आले. लाल पोटाचा पिरान्हा, म्हणजे पायगोसेंट्रस नॅटेरेरी, आठ पिल्लं, प्रत्येकी जेमतेम ५ सेंमी. आता ती चंदेरी आहेत, अंगावर काळे ठिपके. पोटावरची लाली अजून फिकीच आहे. (अनेक देशांत हा मासा पाळायला बंदी आहे. टँकची काच घेण्याआधी आपल्याकडचा कायदा बघा.)

टँक ६ × २ × २ फूट, काच १२ मिमी. रेती, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ६०० लिटरच्या आसपास पाणी. दोन कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकच्या बाहेर बसणारे. हीटर आत ठेवलाच नाही, फिल्टरमधून परतणाऱ्या पाण्याच्या नळीवर बसवला, कारण मोठे झाल्यावर हे मासे वायरी कुरतडतात. पाणी २६ अंशांवर स्थिर आहे.

मधले आठ आठवडे सायकलिंगमध्ये, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढवण्यात गेले आणि त्यातले दोन निव्वळ माझ्या हौसेपायी. रिकाम्या टँकमध्ये २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन) अमोनिया टाकून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया चोवीस तासांत उतरू लागला, त्यापासून बनणारं नायट्राइट चढलं, आणि मग सगळं जागच्या जागी थिजलं. सहा दिवस टेस्ट किटच्या नळीत तोच जांभळा रंग. फिल्टर उघडून पाहिला, बॅक्टेरियाची बाटली ओतली, उपयोग शून्य. शेवटी पीएच मोजला तर ५.८! नायट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात त्यात, आम्ल तयार होतं आणि ते जिरवायला पाण्यात कार्बोनेट लागतं. माझं पाणी मुळातच मृदू, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) २. त्यात ‘अमेझॉनसारखं काळं पाणी’ हवं म्हणून पहिल्याच दिवशी पाणी आम्ल करणारी बदामाची पानं ढीगभर घातली होती. पीएच ६ च्या खाली गेला की हे बॅक्टेरिया जवळपास संपावर जातात. पानं काढली, निम्मं पाणी बदललं, खाण्याच्या सोड्याने केएच ४ वर नेला. चौथ्या दिवशी नायट्राइट उतरायला लागलं. पानं आता परत घातली आहेत, मोजून.

आठच का? ब्राझीलच्या मामिरावा राखीव क्षेत्रात हेल्डर केरोझ आणि ॲन मॅगुरन यांनी या माशांच्या थव्यांचा अभ्यास केला. हे मासे शिकारीसाठी नव्हे, तर स्वतः कुणाच्या तोंडी पडू नये म्हणून थव्याने राहतात, असा त्यांचा निष्कर्ष. दोघांच्या जोडीपेक्षा आठांच्या थव्यात त्यांचा श्वास संथ चालतो, हेही त्यांनी मोजलं. बरोबर आहे, त्यांच्या नदीत केमन (मगरीचे भाऊबंद) आहेत, डॉल्फिन आहेत. माझ्या टँकमध्ये फक्त मी आहे, पण ते त्यांना कोण सांगणार? पहिले चार दिवस आठही जण बोगवूडच्या (टँकमधल्या लाकडाच्या) मागे दडून. दिवा लावला की एकदम उधळायचे आणि काचेवर आपटायचे. आता दिवा अगदी मंद केलाय, वर तरंगत्या वनस्पती सोडल्यात, आणि खोलीतला दिवा आधी लावून मग पाच मिनिटांनी टँकचा लावतो. एवढ्याने बराच फरक पडला.

खाणं दिवसातून तीनदा: कोळंबीचे तुकडे, माशाच्या पट्ट्या, बुडणाऱ्या गोळ्या. गोल्डफिश घालायचे नाहीत. त्यांच्यात थायमिनेज असतं, ते थायमिनची, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाची वाट लावतं, शिवाय रोग येतात ते वेगळेच. उरलेलं दहा मिनिटांत चिमट्याने बाहेर.

गेल्या मंगळवारी सकाळचा घास चुकला. संध्याकाळी पाहिलं तर सगळ्यात लहान्याची निम्मी शेपटी गायब. त्याला वेगळं काढलं नाही, कारण परत सोडताना थवा त्याला परका समजून धरेल अशी भीती वाटली. त्याऐवजी दोन दिवसांआड वीस टक्के पाणी बदलतोय. कडेला पांढुरकी पारदर्शक झालर दिसतेय, म्हणजे भरतंय.

रूपचंद (पिरान्हासारखाच दिसणारा पाकू मासा) घेऊन पिरान्हा म्हणून सांगणारे असतात, म्हणून एकदाचं तोंड नीट बघून घेतलं. खालचा जबडा पुढे आलेला आहे, दात त्रिकोणी. खरेच आहेत.

पुढचं काम झाकणाचं. आणि जाळी कायमची बाजूला ठेवली आहे, दात आरपार जाऊन अडकतात. मासा हलवायचा झाला तर प्लास्टिकचा डबा.