नाकाबंदीला गाडी थांबवली नाही तर होतं काय?

माझे मामा ट्रॅफिकमध्ये हवालदार होते, आता रिटायर झालेत, डाव्या पायात रॉड आहे. रात्रीची नाकाबंदी होती, मामांनी हात केला, कारवाला हळू झाला, मामांना वाटलं थांबतोय, आणि त्याने बॅरिकेडच्या फटीतून गाडी सरळ अंगावर घातली. का, तर प्यायलेला होता आणि केस नको होती.

आजच्या कायद्यात पिऊन चालवताना पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि पोलिसांनी हात केला तरी नुसतं निघून गेलात, कोणाला धक्का लागला नाही, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १७९, २,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे पिणाऱ्याला थांबण्यापेक्षा पळणंच स्वस्त पडतं!

पोलिसाला लागलं की मग मोठी कलमं येतात. एप्रिल २०२३ मध्ये वाशीत एका ट्रॅफिक पोलिसाला बोनेटवर घेऊन एकाने जवळजवळ २० किलोमीटर गाडी पळवली, तेव्हा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला, आणि जोडीला जुन्या दंड संहितेचं ३५३, म्हणजे ड्युटीवरच्या सरकारी माणसावर हल्ला. या ३५३ ची शिक्षा आपल्या राज्याने २ वरून ५ वर्षं केली होती, पण दंड संहितेच्या जागी आलेल्या नवीन भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी कलम १३२ आलं आणि ते परत २ वर्षांवर. मामांना हे सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत, मलाच कसंतरी झालं.

आणि याच न्याय संहितेचं कलम १०६(२), बेदरकार गाडी चालवून माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला तर १० वर्षांपर्यंत. त्यावरून जानेवारी २०२४ ला ट्रकवाल्यांचा संप झाला, पंपांवर रांगा लागल्या आठवतंय ना, आणि १ जुलैला बाकी संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून. ड्रायव्हर लोकांची भीती खरी आहे, जागेवर थांबलं तर जमाव मारतो, पण पुढच्या चौकीत जाऊन सांगायची वाट त्या कलमातच होती की!

मला वाटतं नुसतं न थांबणं हाच वेगळा गुन्हा हवा, कोणाला लागो न लागो, लायसन्स जायलाच पाहिजे आणि पिऊन चालवण्यापेक्षा शिक्षा जास्त पाहिजे. मामांच्या जागी आज रात्री दुसरं कोणीतरी उभं असेल, हातात टॉर्च आणि अंगावर ते चमकणारं जॅकेट, बस एवढंच.