कुठेतरी वाजतंय

आमच्या फ्लॅटला दोन बाल्कन्या आहेत असं ब्रोशरमध्ये छापलं होतं. प्रत्यक्षात एकच आहे, कारण दुसरीत माझी सायकल राहते. तिच्या बाजूला कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर चादरी, आणि चादरी आणि चेन यांच्यात साधारण एक वितीचं अंतर, हे अंतर पाळायची जबाबदारी अर्थातच माझी. एकदा ट्यूबलेसचं, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरचं, भोकं बुजवणारं पांढरं सीलंट भरताना टायर रिमवर नीट बसलाच नाही, फस्सकन आवाज झाला आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या बेडशीटवर दुधासारखे थेंब उडाले. ते लॅटेक्स असतं, वाळलं की रबर होतं, धुवून जात नाही. ती बेडशीट आता सायकलच्या खाली अंथरायला असते. बायको म्हणते तुझ्याकडे पद्धतच आहे ही, आधी वस्तू खराब करायची मग ती सायकलला मिळवायची. परातीचं पण तसंच झालं, पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवायची म्हणून एकदा कणकेची परात घेतली होती, स्वच्छ धुवून परत ठेवली होती, पण आमच्या आईने बघितलं होतं, संपलं.

तर सायकल चालवणं कमी आणि ती अशी मांडून बसणं जास्त, हे माझ्या लक्षात यायला दोन-तीन वर्षं गेली. रविवारी सकाळी साडेपाचला निघायचं आणि नऊच्या आत भाजी घेऊन घरी यायचं हा आमचा करार आहे. म्हणजे आठवड्यातून तीन-साडेतीन तास, त्यातला पाऊण तास चहा-पोहे. आणि त्या तीन तासांसाठी शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर अकरा ते साडेबारा मी बाल्कनीत. तरी मला खरं सांगायचं तर शनिवार रात्रच जास्त आवडते असं हल्ली वाटायला लागलंय, पण हे ग्रुपमध्ये बोलायची सोय नाही.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. एक डॉक्टर, म्हणजे दातांचा, पण आम्ही त्याला नुसतंच डॉक्टर म्हणतो आणि तो खूश होतो. एक सर, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, वयाने मोठे म्हणून त्यांना अहो-जाहो. एक छोटू, जो सव्वासहा फूट आहे. आणि मी. सगळ्यांच्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक आहेत, माझी सेकंडहँड, पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही, मागचं सस्पेन्शन म्हणजे माझे गुडघे. जायचं बहुतेक वेताळ टेकडीवर, कारण नऊचा करार. ही पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, पण तुम्ही मुळात साडेपाचशेवर राहत असता त्यामुळे फार काही पराक्रम नाही. तरी चढ दम काढतो. वाट मुरमाची आणि सुट्या दगडांची, उन्हाळ्यात त्यावर चाक असं घसरतं की जणू कोणी ज्वारी सांडून ठेवलीय. कडेला गिरिपुष्पाची झाडी, मधूनच मोर ओरडतो, आणि बाभळीचे काटे, ज्यांच्यासाठी ते बेडशीटवालं सीलंट.

आणि आजोबा. टेकडीवर पहाटे फिरायला येणारे आजोबा हा एक वेगळाच विषय आहे. त्यांचं म्हणणं टेकडी चालण्यासाठी आहे, आणि ते तीस-चाळीस वर्षं रोज येतायत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायचा नाही, उतरायचं, नमस्कार म्हणायचं, पुढे जायचं. छोटू सुरुवातीला उतारावर सुसाट यायचा. मग एका काकूंनी त्याला थांबवून शांतपणे विचारलं की बाळ तुला घरी कोणी आहे का. तेव्हापासून त्याने घंटी लावलीय, ट्रिंग ट्रिंग वाली जुनी, हजारो रुपयांच्या हँडलवर.

तर त्या टेकडीवर मागच्या दिवाळीनंतर माझी सायकल वाजायला लागली. चढाला लागलं की कट्. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, कट्, कट्. सपाटीवर नाही, उतारावर नाही, फक्त जोर लावला की. ज्यांच्या सायकली वाजल्यात त्यांना माहीत आहे हे काय असतं, एकदा ऐकू आलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. मोर पण नाही.

डॉक्टर म्हणाला बॉटम ब्रॅकेट. म्हणजे दोन क्रँकच्या, पायडल ज्यांना लागतात त्या दांड्यांच्या, मधलं बेअरिंग, ज्यावर सगळा जोर येतो. हा त्याचा कायमचा सल्ला आहे, दात दुखला तर रूट कॅनाल आणि सायकल वाजली तर बॉटम ब्रॅकेट. सर म्हणाले असं नाही, पद्धतशीर जाऊ, बसून चालवताना वाजतं की उभं राहून पण? बसून वाजलं तर सीट आणि सीटपोस्ट, उभं राहिल्यावरच वाजलं तर हँडल आणि ते धरणारा स्टेम, दोन्ही वेळा वाजलं तर पायडल, क्रँक, बॉटम ब्रॅकेट. माझं दोन्ही वेळा. डॉक्टरने सरांकडे असं बघितलं की बोललो नव्हतो.

पण मी आधी स्वस्तातले उपाय केले. पायडल काढून आट्यांना ग्रीस लावायचं ठरवलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून, हे मला माहीत होतं, दहा लोकांना मी सांगितलं होतं, आणि तरीही रात्री बाराला मी तो पाना चुकीच्या बाजूने पाय देऊन दाबत होतो. इतका दाबला की दुसऱ्या दिवशी सरांच्या हातभर लांबीच्या पान्यानेच निघालं. ग्रीस लावलं. रविवारी चढावर कट्. मग सीटपोस्ट काढून पुसला. कट्. चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राचे, स्क्रू आवळले. कट्. मग चेन मोजली, हे मोजणं मला मनापासून आवडतं, चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो, म्हणजे चोवीस अंतरं मोजली की बारा इंच, लेकीची फूटपट्टी धरायची आणि बघायचं. एक-षोडशांश इंच जास्त भरलं तर चेन बदला, एक-अष्टमांश झालं तर मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा, पण गेली समजा. लोक म्हणतात चेन ताणली गेली, पण ताणलं काही जात नाही, आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक जोडात केसाएवढी फट पडते, त्या सगळ्या फटींची बेरीज फूटपट्टीवर दिसते. माझी चेन उत्तम होती. वाईट वाटलं.

शेवटी नवीन बॉटम ब्रॅकेट आणलं. अठराशे रुपये, घरी आठशे सांगितले. तिथेही उजव्या बाजूचे आटे उलटे, पण आता मी शहाणा झालो होतो. बसवलं, टिश्यूने पुसलं, फोटो काढून ग्रुपवर टाकला. रविवारी टेकडीच्या पहिल्याच चढावर, कट्.

डॉक्टर म्हणाला, "ब्रॅकेट डुप्लिकेट असेल."

त्या दिवशी पोहे खाताना डॉक्टरनेच, विषय बदलायला म्हणून असेल, कॅलिफोर्नियाची गोष्ट काढली. ती त्याने किमान सहा वेळा सांगितलीय पण मला आवडते. तिकडे मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या अवजड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सोडायची. तीस-चाळीस सालातल्या श्विनच्या वगैरे सायकली, जाडजूड टायर, भंगारात मिळाव्यात अशा. त्यांना ब्रेक एकच, मागच्या चाकाच्या आत, पायडल उलटं दाबलं की लागणारा. उतार होता सव्वातीन-साडेतीन किलोमीटरचा आणि त्यात तेराशे फूट खाली यायचं, मग तो ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून त्याचा धूर निघायचा, आणि खाली पोचलं की हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून पुन्हा ग्रीस भरायला लागायचं, म्हणजे रिपॅक करायला लागायचं. म्हणून त्या रस्त्याचंच नाव पडलं रिपॅक. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पहिली शर्यत झाली आणि तिथल्या शर्यतींत उतरणाऱ्या जो ब्रीझ, गॅरी फिशर वगैरे मंडळींनी नंतर खास डोंगरासाठी सायकली बनवायला, विकायला घेतल्या. छोटू म्हणाला म्हणजे या लोकांनी दर उताराला सायकल खोलली? डॉक्टर म्हणाला हो. छोटूला ते वेडेपणाचं वाटलं. मी मात्र गप्प बसलो, कारण मला एकदम आमचे बाबा आठवले.

बाबांची सायकल काळी, चोवीस इंची, कॅरिअरवाली. दर मे महिन्यात वाड्याच्या चौकात ती उलटी करून तिचं ओव्हरऑयलिंग व्हायचं. हा शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि अजूनही ते खोटं वाटतं, कारण त्यात ऑइल तर सगळीकडे असायचंच. डालड्याच्या डब्यात रॉकेल, त्यात चेन बुडवलेली, बशीत छर्रे. मागच्या चाकाला एका बाजूला नऊ, दोन्हीकडचे मिळून अठरा. ते मोजायचं काम माझं. एका वर्षी सतराच भरले. सगळा चौक झाडून काढला, मांजरावर आळ घेतला, शेवटी बाबा म्हणाले जाऊदे, आठावर पण पळते, आणि पळाली की, अजून दहा वर्षं पळाली. बाबा रोज तिच्यावरून ऑफिसला जायचे, शौक वगैरे काही नव्हता. पण त्या दिवशी आईने जेवायला चार हाका मारल्या तरी ते उठायचे नाहीत, हे मला तेव्हा विचित्र वाटायचं.

असो. कट् चालूच होती. आणि या सगळ्या महिन्या-दीड महिन्यात लेकीची सायकल, वीस इंची, गुलाबी, पार्किंगमध्ये उभी होती आणि तिचा मागचा ब्रेक लागत नव्हता. तिने मला सांगितलं होतं. दोनदा. मी "रविवारी करू" म्हणालो होतो, दोनदा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे अक्षरशः बाल्कनीखाली होता. मग एक दिवस बायकोने लेकीच्या चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या. दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या, आणि टाचेकडे इतक्या झिजलेल्या की खालून फरशी दिसावी. "पाय घासून थांबवते ती सायकल," बायको म्हणाली, "आणि तू नवीन ब्रॅकेट का काय ते बसवतोयस. किती म्हणालास, आठशे ना?" त्या आठशेवर तिने जरा जास्त वेळ थांबा घेतला. तिला माहीत होतं. तिला नेहमीच माहीत असतं.

शनिवारी संध्याकाळी मी हत्यारं घेऊन खाली उतरलो, पण खोटं कशाला बोलू, आधी माझीच सायकल घेतली, म्हटलं पाच मिनिटं. पुढचं चाक भिंतीला टेकवलं, मागचा ब्रेक दाबला आणि पायडलवर पाय देऊन जोर दिला. कट्. लेक बाजूला उकिडवी बसलेली. मी म्हटलं बघ, इथून येतो ना आवाज, मधून. तिने कान लावला. म्हणाली परत दाब. दाबलं. परत दाब. मग ती सरकत सरकत मागच्या चाकाकडे गेली आणि म्हणाली, "बाबा, इथून येतोय. तू उगाच मध्ये काय बघतोयस?"

ॲल्युमिनिअमची फ्रेम आतून पोकळ असते, नळीतून आवाज कुठल्या कुठे जातो, बसणाऱ्याला मागचा आवाज पायाखालून आल्यासारखा वाटतो. हे मी वाचलेलं होतं. हँगर नावाचा एक बोटाएवढा तुकडा असतो, मागचा गिअर फ्रेमला ज्यावर लटकतो तो, मुद्दाम मऊ धातूचा केलेला, म्हणजे आपटलं तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. दोन बारीक स्क्रू. ते काढले तर आत, हँगर आणि फ्रेम यांच्या मध्ये, टेकडीचा लाल मुरूम बसलेला, दळून ठेवल्यासारखा. चिंधीने पुसला, नखाएवढं ग्रीस लावलं, स्क्रू आवळले. जोर दिला. काही नाही. परत दिला. शांत. मी एवढ्या जोरात "हुश्श" केलं की वॉचमन बघायला आला.

"आता माझी," लेक म्हणाली.

ब्रेकची तार गंजून तुटायला आलेली, एकच धागा उरलेला, ते बघून मात्र पोटात खड्डा पडला. चौकातल्या सायकलवाल्याकडून नवीन तार आणि रबरं आणली, सगळं मिळून शंभराच्या आत. तार ओवली, रबरं रिमला समांतर बसवली, मग लक्षात आलं की चाकालाच आऊट आहे, एका जागी रबराला घासतंय, म्हणून आऊट काढायला घेतला. स्पोकची चावी तिला दिली, म्हटलं हा पाव फेरा सैल, तो पाव फेरा घट्ट, तिने एक अख्खा फेरा दिला, मग तो निस्तरताना आठ वाजले, साडेआठ वाजले, वरून जेवायला हाक आली, परत आली. तिसऱ्या हाकेला बायको स्वतःच खाली आली, दोन मिनिटं उभी राहून बघत राहिली आणि काही न बोलता वर गेली.

सकाळी साडेपाचला माझी सायकल चढावर अजिबात वाजली नाही. इतकी नाही की मलाच चुकल्यासारखं होत होतं. खाणीपाशी पोचलो तेव्हा मागून डॉक्टरची हाक आली, "ए, थांब जरा. तुला काही ऐकू येतंय का? माझी वाजतेय बहुतेक." मी थांबलो, कान दिला. कट्. अगदी स्पष्ट. "बॉटम ब्रॅकेट," मी म्हणालो.

नऊला दहा कमी असताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन सोसायटीत शिरलो तर लेक पार्किंगमध्ये गोल गोल फिरत होती. मला बघून तिने ब्रेक दाबला, सायकल कचकन जागेवर उभी राहिली आणि ती हँडलवर आपटता आपटता वाचली. मी म्हटलं काय, झकास ना? तिने खाली पायांकडे बघितलं, नव्या चपला होत्या.

"आधीचंच बरं होतं," ती म्हणाली. "पायाने हळूहळू थांबता यायचं."