गाडी बघायची की मालक

पुण्यात जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी गाडी बघतच नाही. आधी पार्किंग बघतो, वर शेड आहे का, मग दारावरची पाटी वाचतो, घरात गाडी कोण कोण चालवतं ते विचारतो, आणि चहा येईस्तोवर "काका, तुम्ही कुठे होता नोकरीला?" हे येतंच येतं. बँकेतून रिटायर म्हटलं की समोरच्याचा चेहरा फुलतो आणि मुलगा कॉलेजात आहे म्हटलं की लगेच पडतो. जाहिराती बघा ना, सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, फक्त कोथरूड ते कॅम्प चाललेली, एमएच बारा पासिंग... आता यात इंजिनाबद्दल एक तरी शब्द आहे का?

हे सगळं सध्या डोक्यात घोळतंय ते भाच्यामुळे. तो डलासजवळ असतो, सॉफ्टवेअरमधे, आणि बायको-मुलीसकट पुण्याला परत यायचं चाललंय त्यांचं (येतील तेव्हा खरं). त्याच्याकडे टोयोटाची टॅकोमा आहे, म्हणजे पिकअप. ताईला हे अजून पचलेलं नाहीये, "एवढा शिकला आणि टेम्पो घेतला" असं ती तेव्हा म्हणाली होती आणि तिचंही काय चुकलं, आपल्याकडे मागे उघडा हौदा असलेली गाडी पहाटे मार्केट यार्डात कोबी-फ्लॉवर भरून दिसते, सोसायटीच्या पार्किंगमधे नाही. मी तिकडे राहायला गेलो होतो तेव्हा मुद्दाम लक्ष ठेवलं, एक गादी आणि बागेसाठी खताची पोती एवढंच काय ते त्या हौद्यात चढलं, एरवी रिकामा. शेजारच्यांचेपण रिकामेच. आणि हे काही आजचं नाही, फोर्डची एफ सिरीज तिकडे १९७७ पासून सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे.

पण किंमत म्हणाल तर त्या टॅकोमाची पडतच नाही. आपल्याकडे इन्शुरन्सवाल्यांचा आयडीव्हीचा (म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा) तक्ता असतो, सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, पुढे २०, ३०, ४० करत पाचव्या वर्षी निम्मी गाडी कागदावर गेलेली असते. आणि तिकडे २०२१ मधे, जगभर चिप मिळत नव्हत्या, नव्या गाड्यांना वेटिंग होतं, तेव्हा भाच्याला डीलर स्वतःहून फोन करून विचारत होता की विकताय का, आणि सांगत होता तो आकडा जवळपास घेतलेल्या किमतीएवढा! वापरलेल्या गाडीला! भाच्याने नाही विकली, कारण विकून मग बसायचं कशात.

पिकअपच्या भावामागे चक्क कोंबडीचापण हात आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकेच्या स्वस्त कोंबडीवर जकात वाढवली, तर चिडून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरच्या ब्रँडीवर, बटाट्याच्या स्टार्चवर आणि हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला, पुढे बाकीच्या मालावरचा कर कमी झाला पण ट्रकवरचा राहिला तो राहिलाच. त्यामुळे परदेशातले छोटे स्वस्त पिकअप तिकडे धड शिरलेच नाहीत, जगभर पळणारी टोयोटाचीच हायलक्ससुद्धा तिथल्या शोरूममधे मिळत नाही. सुबारूने मात्र यावर तोड काढली, ब्रॅट नावाच्या गाडीच्या हौद्यातच उलट्या तोंडाच्या दोन सीट बसवल्या, झाली कागदोपत्री प्रवासी गाडी. ही आयडिया आपल्या एखाद्या आरटीओ एजंटला सुचली असती तरी मला नवल वाटलं नसतं. असली एक गाडी रेगनकडेपण होती म्हणे, राष्ट्राध्यक्ष रेगन.

तर भाचा सांगतो की तिकडे विकणं सोपं, गाडीचा नंबर वेबसाइटवर टाकायचा, किती मालक झाले, कुठे ठोकली, सर्व्हिसिंग कधी केलं सगळं रिपोर्टमधे येतं, किंमतपण तिथेच कळते, तुझे वडील काय करायचे हे कोणी विचारत नाही. मला हे ऐकून जरा कमीपणा वाटायला लागला होता, पण पुढे तोच बोलून गेला की उत्तरेकडे बर्फ पडलं की रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने चासी सडते, म्हणून तिकडची माणसं टेक्सासची गाडी मुद्दाम शोधतात आणि वर चार पैसे देतात. म्हणजे पासिंग तिथेही बघतातच की! आपणही मुंबईची गाडी म्हटलं की खारी हवा म्हणून वाकून खालून गंज बघतो, आणि दिल्लीची डिझेल एसयूव्ही स्वस्तात दिसली की शंका घेतो. ती स्वस्त असते कारण दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत असा आदेश एनजीटीने, म्हणजे हरित लवादाने, २०१५ मधे काढला, मग तिथल्या धडधाकट गाड्या बाहेरच्या राज्यात निघाल्या, फक्त एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, नवीन नंबर घ्या, यात जो वेळ जातो त्याचा हिशोब कोणी सांगत नाही.

टॅकोमाच इथे आणता येईल का असंही त्याने विचारून झालंय. डाव्या बाजूला स्टिअरिंग, त्यामुळे विषयच संपला, आणि जुनी गाडी आणायची तर ३ वर्षांच्या आतली लागते, शिवाय ड्युटी एवढी की त्यात इथे नवीन येईल. आणि आलीच असती तरी सव्वापाच मीटरच्या वरचं ते धूड लावणार कुठे, आमच्या सोसायटीचे पार्किंगचे पट्टे सँट्रोच्या काळात आखलेत.

मग इथलीच एखादी एसयूव्ही बघा म्हणाला. मी म्हटलं जुनीच बघू, कारण सप्टेंबर २०२५ मधे जीएसटी बदलला, छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, मोठ्यांचा सेस जाऊन सरळ ४० टक्के झाला आणि तोही आधीच्या बेरजेपेक्षा कमीच, त्यामुळे नव्या उतरल्या आणि जुन्यांना त्याहून खाली यावं लागलं. ज्यांनी नेमकी त्याच सुमारास गाडी विकायला काढली होती त्यांची तोंडं बघवत नव्हती. फक्त इनोव्हावाले ढिम्म, त्यांना जीएसटी नाही, मंदी नाही, काही नाही. आणि ताईला मी हेपण सांगून बघितलं की बाई, आपल्या पिंपरीत टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९८८ ला टाटामोबाईल पिकअप काढला, त्याच्यावरूनच १९९१ ला सिएरा आली, जिच्याकडे तू तेव्हा वळून वळून बघायचीस. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

परवा सिंहगड रोडला एक स्कॉर्पिओ बघून आलो. मालक पाटबंधारे खात्यातून रिटायर, कापडाने पुसत पुसतच गाडी दाखवत होते. भाचा व्हिडिओ कॉलवर, त्याला बॉनेट दाखवलं, टायर दाखवले, तर म्हणाला, "काका, हिचा काही रिपोर्ट मिळेल का?"

"रिपोर्ट कशाला?" ते म्हणाले, "मी आहे ना."

भाव काही त्यांनी सोडला नाही. पण सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल आतून आणून दिली, तारखेप्रमाणे लावलेली, पंक्चरच्यासुद्धा चिठ्ठ्या त्यात, आणि तुमच्या भाच्याचा गाडीवर हात साफ आहे ना एवढं मला दोनदा विचारून घेतलं. भाचा विचार करून सांगतो म्हणालाय. टॅकोमा तिकडे विकायला काढलीये, ऑफरपण चांगल्या येतायत, आणि त्या आकड्याचे रुपये करून सांगितल्यापासून ताई विचारतेय की टेम्पोचे एवढे येतात तर त्याने दोन का नाही घेऊन ठेवले.