प्रवाळाच्या भुकटीचा परवाना : माझा अनुभव

नाशिकमध्ये पीएच.डी. करताना मला प्रवाळाच्या सांगाड्याची काही ग्रॅम भुकटी हवी होती. अरबी समुद्र गेल्या शतकात कसा तापत गेला आणि त्यात माणसाचा वाटा किती, हे तिच्यातून वाचायचे होते. अवकाळी पावसाने हवालदिल झालेले आमच्याकडचे द्राक्षबागायतदार हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात.

दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे संशोधनासाठीही परवानगी लागते आणि ती लागावीच. माझी तक्रार आहे ती संबंधित कार्यालयाच्या अर्जाबद्दल. त्यात प्राण्यांची संख्या, लिंग आणि वय यांचे रकाने होते. प्रवाळाचा एक गोळा म्हणजे हजारो छोट्या जीवांची वसाहत. शिवाय मला हवा होता तो आतला मृत, चुनखडीचा सांगाडा, तोही दुसऱ्या संस्थेने पूर्वी रीतसर परवानगीने काढलेल्या कोअरमधला, म्हणजे प्रवाळात भोक पाडून काढलेल्या लांबट दंडगोलातला. संख्येच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिले, तर अर्ज अपूर्ण ठरून परत आला. वजन लिहिले, तर पुन्हा संख्याच विचारण्यात आली. दूरध्वनीवर दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सारे सांगावे लागे, आणि तोवर प्रयोगशाळेतली माझी पाळी निघून गेली. अखेर मार्गदर्शकांच्या सहीचे टिपण आणि कोअरचे क्ष-किरण छायाचित्र जोडले. वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढणाऱ्या प्रवाळाचे वार्षिक पट्टे त्यात स्पष्ट दिसतात. ते पाहून एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी संख्येऐवजी कोअरची लांबी आणि भुकटीचे वजन मान्य केले. हे छायाचित्र पहिल्याच अर्जाला जोडावे, आणि मूळ संकलनाच्या परवान्याची प्रतही.

पाणी तापले की सांगाड्यातील ऑक्सिजन-१८ चे (ऑक्सिजनच्या जड प्रकाराचे) प्रमाण उतरते, पण पावसाच्या गोड्या पाण्यानेही ते उतरते. म्हणून त्याच भुकटीत स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांचे गुणोत्तरही मोजून घ्यावे, ते मुख्यतः तापमानावर ठरते. एल निनोसारखे नैसर्गिक फेरे आलेखात वरखाली होत राहतात. कोळसा आणि खनिज तेल जाळून निघालेल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ (कार्बनचा जड प्रकार) कमी असतो आणि तो कार्बन समुद्रातून सांगाड्यात उतरतो, त्यामुळे कार्बन-१३ ची रेषा मात्र विसाव्या शतकात खाली झुकत जाते. माझ्या आलेखात तो उतार उमटला, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला.

प्रयोगशाळेकडून उरलेली भुकटी पावतीसह परत घ्यावी. परवान्याच्या अहवालात मला तिचाही हिशेब द्यावा लागला.