महूच्या छावणीतला कॉम्प्टन

इंदुरात जुन्या क्रिकेटचा विषय निघाला की कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्यापाठोपाठ डेनिस कॉम्प्टनचे नाव येतेच, आणि मिडलसेक्स कौंटीचा हा फलंदाज जणू आपल्याच गावचा असल्यासारखे त्याच्याविषयी बोलले जाते; युद्धात त्याने शौर्यपदक मिळवले होते, असेही कोणी सांगतो. प्रत्यक्षात तो माळव्यात आला तो लष्करी हुकमाने. १९३८ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, ट्रेंट ब्रिजवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक काढलेल्या या तरुणाची ऐन उमेदीची वर्षे महायुद्धात गेली. शारीरिक शिक्षणाचा प्रशिक्षक म्हणून सैन्यात काम करत असताना त्याची रवानगी हिंदुस्थानात झाली आणि तो इंदूरजवळच्या महूला दाखल झाला.

महूची छावणी मुळात होळकरांच्या पराभवातून उभी राहिली. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई हरल्यावर पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि इंग्रजांनी येथे आपले लष्कर आणून बसवले. होळकरांवर नजर ठेवणाऱ्या त्याच छावणीने सव्वाशे वर्षांनी होळकरांच्या संघाला फलंदाज पुरवावा, याची मला मोठी गंमत वाटते.

१९४४-४५ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर झाला. मुंबईने ४६२ धावा केल्या, होळकर संघाने ३६०. त्यानंतर विजय मर्चंटच्या २७८ धावांच्या जोरावर मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावांचा डोंगर रचला आणि होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य आले. पहिल्या डावात शतक केलेल्या मुश्ताक अलींनी दुसऱ्या डावात १३९ धावा काढल्या आणि कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. संघ ४९२ धावांत बाद होऊन ३७४ धावांनी हरला, तरी इंदूरकरांच्या बोलण्यात तो पराभव क्वचितच येतो, येतात ते २४९. शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेसाठी रोख बक्षीस जाहीर करणारा एक शेठ सामना संपताच कलकत्त्याला जरुरीचे काम निघाल्याची चिठ्ठी ठेवून निघून गेला, असा किस्सा कॉम्प्टनच्या नावावर सांगितला जातो. किश्श्यात थोडे तिखटमीठ असेलही, पण तो टाकून द्यावासा वाटत नाही.

युद्धात पदक मिळवणारा मिडलसेक्सचा फलंदाज मात्र निराळा होता: कॉम्प्टनचा जोडीदार बिल एड्रिच. तो ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. ऑगस्ट १९४१ मध्ये कोलोनजवळच्या वीजकेंद्रांवर भर दिवसा, अगदी खालून उडत, जो हल्ला झाला त्यात तो होता. अनेक विमाने त्या दिवशी परतली नाहीत. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक त्याला त्याच वर्षी मिळाले. कॉम्प्टनच्या वाट्याला असे काही आले नाही, आणि त्याबद्दल त्याला उणे लेखणे मला अन्यायाचे वाटते, कारण सैनिकाने कोठे जायचे हे सैनिक ठरवत नाही. लष्करी हुद्द्याचेच म्हणाल, तर आमच्या नायडूंना १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी फौजेत कॅप्टन केले ते त्यांची बॅट पाहून!

युद्धानंतर ही जोडी पुन्हा एकत्र आली आणि १९४७ च्या उन्हाळ्यात दोघांनी इंग्लंडमधील गोलंदाजांना सळो की पळो करून सोडले. कॉम्प्टनने त्या हंगामात १८ शतकांसह ३८१६ धावा केल्या, एड्रिचने ३५३९. लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोघांनी तिसऱ्या गड्यासाठी ३७० धावा जोडल्या आणि मिडलसेक्सने कौंटी विजेतेपदही पटकावले. एवढे होऊनही लोकप्रियता कॉम्प्टनच्याच वाट्याला अधिक आली. केसांच्या क्रीमच्या जाहिरातींत तो झळकला, आर्सेनलकडून फुटबॉल खेळून त्याने लीग आणि एफ. ए. कप दोन्ही जिंकले. पण त्याच फुटबॉलने गुडघाही दुखावला, आणि १९५५ मध्ये त्या गुडघ्याची वाटी काढून टाकावी लागली.

त्याच्या दोन वर्षे आधी ओव्हलवर इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला हरवून ॲशेस, म्हणजे या दोन देशांमधील मालिकेचा मान, परत मिळवली तेव्हा विजयी चौकार कॉम्प्टनने मारला होता, आणि समोरच्या टोकाला ५५ धावांवर नाबाद असलेला फलंदाज एड्रिच होता.