तुम्ही विचारलंत म्हणून: इअरफोनसाठी वेगळा डॅक घ्यायचा का?

"ताई, दोन हजारांचा वायरवाला इअरफोन घेतलाय. आता डॅक कोणता घेऊ?"

हा प्रश्न मला भाचरं विचारतात, त्यांचे मित्र विचारतात, कामावरची मुलं विचारतात. बहुतेकांची गोष्ट एकच असते. इतकी वर्षं कानात ब्लूटूथ बड्स होते. कुणीतरी चांगला वायरवाला इअरफोन कानात घालून ऐकवला आणि तबल्याचा डग्गा असा वाजतो हे पहिल्यांदा कळलं. मग इअरफोन घेतला. त्यानंतर दोन-चार व्हिडिओ बघितले आणि डोक्यात बसलं की डॅकशिवाय, म्हणजे फोन आणि इअरफोनच्या मध्ये लावायच्या वेगळ्या यंत्राशिवाय, हे पैसे वाया जाणार. दोन हजारांच्या इअरफोनसाठी सहा हजारांचा डबा घ्यायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या काहींचा पगार नुकता सुरू झालेला असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

उत्तर आधी देते: घेऊ नका. फोनला किंवा लॅपटॉपला गोल जॅक असेल तर इअरफोन त्यातच लावा. जॅक नसेल तर छोटं डोंगल, म्हणजे टाइप-सी पोर्टला इअरफोन जोडून देणारी आखूड वायर, घ्या, तेवढं पुरे. माझं काम ध्वनिपुस्तकांच्या संपादनाचं आहे. वाचकाचा श्वास, ओठांची चुटकी, खोलीतल्या पंख्याची घरघर शोधत दिवसभर इअरफोन लावून बसते. त्यामुळे या बाबतीत माझं मत ठाम आहे.

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. गाण्याची फाइल म्हणजे नुसते आकडे. इअरफोनच्या आतला पडदा हलायला वीज लागते, कमी-जास्त होणारं व्होल्टेज लागतं. आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप म्हणजे डॅक. ज्या डिजिटल वस्तूतून आवाज येतो तिच्यात ही चिप असतेच: फोनमध्ये, टीव्हीत, लॅपटॉपमध्ये. ब्लूटूथ बड्समध्ये तर ती बड्सच्या पोटातच असते, कारण फोनकडून तिथवर फक्त आकडे जातात, तेही हवेतून. त्यामुळे "फोनला डॅक लावून बड्सने ऐकलं तर आवाज सुधारेल का?" याचं उत्तर नाही असंच आहे. तो डॅक नुसता लटकत राहील.

दुसरी गोष्ट, बाजारात डॅक म्हणून जो डबा मिळतो त्यात बहुतेक वेळा दोन कामं एकत्र असतात. एक हे रूपांतराचं आणि दुसरं ॲम्प्लिफायरचं, म्हणजे तयार झालेल्या सिग्नलला जोर द्यायचं. लोकांना फरक जाणवतो तो बहुधा दुसऱ्या कामाचा, आणि श्रेय मिळतं पहिल्याला.

आता डोंगलचं बघू. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून जॅक काढला आणि हळूहळू बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. आज दुकानात नवा फोन बघायला गेलात तर जॅक असलेलं मॉडेल शोधावं लागतं. अशा फोनच्या टाइप-सी पोर्टला जे बोटभर वायरचं डोंगल लावतात, त्याच्या आत डॅक आणि छोटा ॲम्प दोन्ही असतात. म्हणजे 'बाहेरचा डॅक' तुमच्याकडे तेव्हाच आलेला असतो, आणखी घ्यायचा प्रश्नच उरत नाही.

पण इथे एक खाचखळगा आहे. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांची जी अडॅप्टर मिळतात, त्यातल्या काहींच्या आत चिप नसतेच, नुसत्या तारा असतात. फोन स्वतः टाइप-सीमधून ॲनालॉग आवाज बाहेर काढत असेल तरच ती चालतात. बऱ्याच फोनमध्ये ही सोय नाही. मग अडॅप्टर लावलं की काहीच वाजत नाही आणि माणसाला वाटतं इअरफोन बिघडला. दुकानदाराला सरळ विचारा, "आत डॅक आहे का?" आणि स्वतःच्या फोनला लावून, गाणं वाजवूनच पैसे द्या. इअरफोनच्या वायरीवर माइक असेल तर एक फोनही करून बघा, कारण काही डोंगलवर माइक चालत नाही.

ॲपलचं टाइप-सी डोंगल हजाराच्या आसपास मिळतं आणि त्याची मोजमापं त्याच्या किमतीच्या मानाने फारच चांगली आहेत. टाइप-सी पोर्ट असलेल्या आयफोनवर किंवा मॅकवर बिनधास्त वापरा. काही अँड्रॉइड फोनवर मात्र त्याचा आवाज बारीक येतो, कारण डोंगलच्या आतला व्हॉल्यूम पूर्ण वर नेण्याचं काम तो फोन करत नाही. अँड्रॉइडवाल्यांनी त्याच किमतीतलं दुसऱ्या कुठल्या ऑडिओ कंपनीचं डोंगल बघावं.

मोठा डॅक का नको, याचं कारण आकड्यांत सांगता येतं. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा तिचं माप ठरलं १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. त्यातून २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर धरता येतात. निरोगी तरुण कानाला २० पर्यंत ऐकू येतं, आणि वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. मोठ्यातला मोठा आणि बारकातला बारीक आवाज यांतलं अंतर ९६ डेसिबल पडतं. इतकं काम चोख करणारी चिप एकेकाळी महाग होती. आज ती नखाएवढी झाली आहे आणि तिची खरखर, तिची विकृती आपल्या कानाच्या पातळीखाली गेली आहे. चांगल्या डॅकच्या आवाजात खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढउतार असतो तो डेसिबलच्या लहानशा अंशाचा. इअरफोनमध्ये तोच चढउतार पाच-दहा डेसिबलचा सहज असतो. एकात गायकाचा गळा पुढे येतो, दुसऱ्यात मागे दबतो, तिसऱ्यात झांजा टोचतात. आवाजाचं रूप ठरतं ते इथे. म्हणून हातात आठ हजार असतील तर दोन हजारांचा इअरफोन आणि सहा हजारांचा डॅक ही वाटणी मला अजिबात पटत नाही.

"पण मी ऐकलं ना, डॅक लावल्यावर आवाज खुलला!" असं कुणी म्हटलं की मी त्याला खोटं पाडत नाही. त्याला फरक ऐकू आलेला असतो. तो कशाचा, हे शोधायला हवं. डबा जास्त व्होल्टेज देतो, त्यामुळे व्हॉल्यूम जागच्या जागी ठेवला तरी आवाज थोडा मोठा होतो. थोड्या मोठ्या आवाजाला आपला मेंदू 'मोठा' म्हणत नाही. तो त्याला भरीव, स्वच्छ, उघडा म्हणतो. एक डेसिबलचा फरकसुद्धा एवढं करून जातो.

हे घरी तपासता येतं. फोनवर २०० हर्ट्झचा सलग सूर वाजवायचा. जॅकमध्ये दुतोंडी स्प्लिटर लावून एका तोंडाला इअरफोन जोडलेला ठेवायचा आणि दुसऱ्या तोंडाला साध्या मल्टिमीटरच्या दोन तारा, एसी व्होल्टवर. आधी डोंगलचं व्होल्टेज बघायचं, मग डॅकचा व्हॉल्यूम फिरवत तोच आकडा आणायचा. एक टक्क्याच्या आत आला म्हणजे फरक एक दशांश डेसिबलपेक्षा कमी राहिला. आता घरातल्या दुसऱ्या माणसाने पाठीमागे बसून, आपल्याला न सांगता, एकदा हे एकदा ते असं लावायचं आणि आपण ओळखायचं. गाणं आपल्या अगदी ओळखीचं घ्यावं. माझ्याकडे येऊन ज्यांनी ज्यांनी हे करून बघितलं, त्यांचा आत्मविश्वास पहिल्या काही फेऱ्यांतच गळून पडला. तोच खेळ दोन वेगळ्या इअरफोनवर खेळा, पहिल्या सेकंदाला ओळखाल.

जोर कमी पडतो म्हणून डॅक हवा, हेही नेहमी सांगितलं जातं. हिशेब करू. सर्वसाधारण इअरफोन ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्या विजेवर निघणारा आवाज, एका मिलिवॉटला १०५ डेसिबल, असं धरा. फोनच्या जॅकमधून अर्धा व्होल्ट मिळाला तर साधारण आठ मिलिवॉट झाले आणि आवाज जाईल ११४ डेसिबलपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास ८० डेसिबल. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त चार तास. म्हणजे साध्या फोनमध्येच कान खराब करण्याइतका जोर आहे. आवाज कमी वाटतोय म्हणून डबा घ्यायला निघालेल्या मुलांना मी आधी विचारते, ऐकता कुठे? लोकलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये असं उत्तर आलं तर दोष फोनचा नसतो. इअरफोनच्या टोकाच्या रबरी टिप्स कानात नीट बसलेल्या नसतात आणि बाहेरचा गोंगाट आत येत असतो.

या टिप्सबद्दल मला खरोखर कळकळीने सांगायचं आहे. इअरफोनच्या खोक्यात तीन मापांच्या रबरी टिप्स येतात. बहुतेक जण मधल्या लावून येतात तशा वापरतात आणि उरलेल्या खणात जातात. हे करून बघा: तानपुरा लावा, काळी एकचा, पुरुष गायकाला लावतात तो. त्यातली खर्जाची तार सत्तर हर्ट्झच्या आसपास असते. टिप सैल असेल तर खर्जाचा पाया गायब होतो आणि नुसती जवारीची झणझण उरते. आता डाव्या हाताने उजव्या कानाचा वरचा भाग डोक्यावरून धरून वर आणि मागे ओढा, उजव्या हाताने इअरफोन हलकेच फिरवत आत बसवा, कान सोडा. कान बंद झाल्यासारखं वाटेल आणि खर्ज एकदम खालून भरून येईल. नाही आला तर मोठी टिप लावा. दोन कानांना दोन मापं लागू शकतात, त्यात काही वावगं नाही. कशानेच जमलं नाही तर फोमच्या टिप्स मिळतात दोन-चारशे रुपयांत. आवाजात इतका फरक पाडणारी इतकी स्वस्त वस्तू मला दुसरी माहीत नाही.

आणि एका बाजूचा आवाज मंद झाला असेल तर आधी इअरफोनच्या तोंडाची जाळी उजेडात धरून बघा. तिथे मळ बसलेला असतो. गाण्याच्या ॲपमध्ये आवाजाचा दर्जा 'ऑटो'वर असेल तर तो वरच्या पातळीवर न्या. दोन्ही गोष्टी फुकट आहेत.

वेगळा डॅक कधीच नको असंही माझं म्हणणं नाही. आमच्या इमारतीतल्या एका मुलाच्या कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकमधून माउस हलवला की किरकिर यायची, गेम सुरू झाला की ती वाढायची. कॅबिनेटच्या आतली विजेची गडबड पुढच्या जॅकपर्यंत जाणाऱ्या वायरीत शिरत होती. अशा वेळी रूपांतर कॅबिनेटच्या बाहेर नेलं की प्रश्न सुटतो, आणि त्याचा सुटला तो साध्या यूएसबी डोंगलवर. लॅपटॉपला चार्जर लावल्यावरच गुणगुण येत असेल तर आधी चार्जर काढून खात्री करून घ्या, मग खर्चाचं बघा. काही जुन्या लॅपटॉपच्या जॅकचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे जॅकचा स्वतःचा विजेला अडथळा, जास्त असतो आणि बरेच ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले भाग) असलेल्या इअरफोनचा सूर त्यामुळे बदलतो, पण पहिला इअरफोन सहसा असा नसतो.

मोठ्या हेडफोनची गोष्ट वेगळी. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे, बायरडायनामिकचा डीटी ८८० तर ६०० ओहममध्येही मिळतो. ३२ ओहमच्या इअरफोनला जेवढी पॉवर लागते तेवढीच ३०० ओहमला द्यायची तर व्होल्टेज तिप्पट लागतं. तिथे फोन दमतो आणि ॲम्प घ्यावा लागतो. तेव्हासुद्धा गरज ॲम्पची आहे हे लक्षात ठेवून खरेदी करा.

हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या मापाच्या गाण्यांचं काय, हे विचारणारेही असतात. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे फाइल लहान करताना काहीच न गमावलेली गाणी आहेत, आणि ४८ किलोहर्ट्झच्या वरच्या फाइली पूर्ण मापात ऐकायला बाहेरचा डॅक लागतो असं ॲपलच सांगतं. ते बरोबर आहे. पण त्या जादा मापात जे आहे ते मुख्यतः आपल्या ऐकण्याच्या पलीकडचं आहे. आणि आपण ऐकतो काय? माझ्या यादीत बालगंधर्वांची ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची नाट्यपदं आहेत, आकाशवाणीवरच्या जुन्या मैफली आहेत. त्या तबकड्यांवर वरचे सूर त्या काळी उतरलेच नाहीत, ते कुठलाही डबा आणून देऊ शकत नाही. पण त्या आवाजातली फिरत, तानेच्या टोकाला किंचित रोखलेला श्वास, हे सगळं हजाराच्या डोंगलवर जसंच्या तसं ऐकू येतं.

ज्यांनी डॅक आधीच घेतला आहे त्यांनी तो विकायची घाई करू नये, वापरावा. फक्त गेनचं, म्हणजे सिग्नलला किती जोर द्यायचा ते ठरवणारं बटण असेल तर ते 'लो'वर ठेवा. संवेदनशील इअरफोनवर 'हाय' केलं की गाणं थांबल्यावर बारीक सुस्कार ऐकू येतो आणि व्हॉल्यूम जरा हलवला तरी आवाज उसळतो. काही डबे जोडल्या जोडल्या पूर्ण आवाजात सुरू होतात. म्हणून डबा लावा, गाणं सुरू करा, व्हॉल्यूम खाली आहे हे बघा आणि मगच इअरफोन कानात घाला.