बोम जेझुसचा ठिपका

आपल्याकडे दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी शिकवले जातात. त्या मुलांसाठी ब्राझीलचा एक पूरक भित्तिनकाशा आम्ही करत होतो: 2022च्या जनगणनेनुसार कुठल्या भागात कुठल्या वर्णाचे लोक जास्त. नकाशा छपाईला जायचा त्या दिवशी सकाळी शेवटचं प्रूफ टेबलावर पसरलं, तेव्हा अगदी दक्षिणेला, रिओ ग्रांदे दो सुलच्या पठारावर, फिकट रंगात एक गडद ठिपका दिसला. गावाचं नाव बोम जेझुस.

दक्षिण विभागात 72.6 टक्के लोक स्वतःला गोरे म्हणवतात आणि या राज्यात तर 78.4 टक्के. आमच्या नकाशावर हे गाव मात्र ‘पार्डो’, म्हणजे मिश्र मूळाचे लोक, बहुसंख्य दिसत होतं. सहकारी म्हणाली, “अहो, असेलही. एखादं गाव वेगळं असू शकतं की!”

तिचं म्हणणं बरोबर होतं. ठिपका वेगळा आहे म्हणून तो चुकीचा, असं धरून चालत नाही. उत्तर टोकाला, रोराइमा राज्यातल्या उइरामुतांमध्ये 96.6 टक्के लोक आदिवासी आहेत आणि तो आकडा खरा आहे. मारान्याओमधल्या सेर्रानो दो मारान्याओ गावात 58.5 टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत, तोही खरा. म्हणून पुसायच्या आधी मूळ तक्ता उघडला.

ब्राझीलच्या आयबीजीई या सांख्यिकी संस्थेच्या तक्त्यात गावाच्या नावापुढे कंसात राज्याची दोन अक्षरं असतात. नकाशाच्या फाइलमध्ये नुसतं नाव असतं. दोन्ही जुळावीत म्हणून कोणीतरी कंस उडवले होते आणि नावावरून व्हीलूकअप (एका तक्त्यातलं नाव दुसऱ्यात शोधून त्याचे आकडे आणणारं एक्सेलचं सूत्र) लावला होता. बोम जेझुस नावाची गावं ब्राझीलमध्ये पाच आहेत: पियाउई, रिओ ग्रांदे दो नोर्ते, पराइबा, सांता कातारिना आणि रिओ ग्रांदे दो सुल. तक्ता राज्याच्या कोडनुसार लागलेला असतो. पियाउईचा कोड 22, बाकीच्यांचे 24, 25, 42 आणि 43. व्हीलूकअप पहिलं सापडेल ते उचलतो. पाचही गावांना पियाउईचे आकडे चिकटले होते! ईशान्येतल्या तीन गावांत ते सहज खपून गेले, कारण तिथे बहुतेक ठिकाणी पार्डोच जास्त. चूक उघडी पडली ती फक्त दक्षिणेत.

यावर उपाय एकच. नावाला हात लावायचा नाही, सात अंकी कोडवरच जोडायचं. पहिले दोन अंक राज्याचे, उरलेले गावाचे. कोडचा स्तंभ दोन्ही फायलींत मजकूर म्हणून ठेवायचा. एकीत मजकूर आणि दुसरीत आकडा असला की काहीच जुळत नाही. मग 5570 ओळींपैकी किती जुळल्या ते मोजायचं. साओ दोमिंगोस, प्लानाल्तो ही नावंही तिकडे अनेक राज्यांत आहेत.

कोडवर पुन्हा जोडताना आणखी दोन गोष्टी सापडल्या. तिकडे टिंब हजारांसाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी वापरतात, आपल्या नेमकं उलट. त्यामुळे 22,4 टक्क्यांचे 224 होतात. तक्त्यातल्या आडव्या रेघेचा अर्थ शून्य असतो, माहिती नाही असा नव्हे. ती रेघ तशीच राहिली तर स्तंभ मजकूर समजला जातो आणि गावं पांढरी पडतात.

आकडे दुरुस्त झाले, पण खरा वेळ गेला तो सूचीतल्या शब्दांवर. मसुद्यात ‘पार्डो’ला ‘सावळे’ लिहिलं होतं. मराठी वाचणारा त्यातून कातडीचा रंग समजेल. पार्डो म्हणजे मिश्र मूळ: गोरे, काळे, आदिवासी यांतल्या दोन किंवा तिन्हींचं. आपण गव्हाळ-सावळा म्हणतो ते इथे लागू नाही. काळ्यांसाठीचा पोर्तुगीज शब्द ‘प्रेता’ देवनागरीत छापणं शक्यच नव्हतं. तिथे ‘कृष्णवर्णीय’ घेतलं. बातम्यांत मात्र ‘नेग्रा’ असा एक वेगळा आकडा येतो. त्यात कृष्णवर्णीय आणि पार्डो दोन्ही धरतात, म्हणून 10.2 आणि 45.3 मिळून 55.5. हे तिन्ही आकडे एकाच तक्त्यात मिसळले की सगळा घोळ होतो.

प्रगणक पाच पर्याय वाचून दाखवतो आणि उत्तर घरातला माणूस देतो. चेहरा बघून कोणी ठरवत नाही. एकाच घरातले दोन भाऊ दोन खान्यांत जाऊ शकतात. आपण जातीच्या चौकटीतून बघतो, म्हणून ही गोष्ट मुलांना आधी सांगितली पाहिजे, नकाशा नंतर. 2010 ते 2022 दरम्यान कृष्णवर्णीयांची संख्या 42.3 टक्क्यांनी वाढली. एवढी वाढ केवळ जन्मांनी होत नाही. लोकांनी स्वतःला काय म्हणवायचं, तेच बदललं.

‘पिवळे’ या खान्यात, म्हणजे जपानी, चिनी, कोरियन वंशाच्या लोकांत, प्रश्न आणखी अवघड. 2010मध्ये देशभरात 20 लाखांहून जास्त लोकांनी हा पर्याय घेतला होता. पियाउईसारख्या राज्यात, जिथे जपानी लोक फारसे वसलेच नव्हते, त्यांचं प्रमाण साओ पाउलोपेक्षा जास्त निघालं. 2022ला प्रगणकाच्या यंत्रात खात्रीचा जादा प्रश्न घातला आणि संख्या 8,50,130वर आली. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवला तर ईशान्येतून आशियाई लोक निघून गेले असं वाटतं. कोणी कुठे गेलं नाही, प्रश्न विचारायची पद्धत बदलली. पाराना राज्यातलं आसाई मात्र दोन्हीत ठळक: 11 टक्के जपानी-आशियाई वंशाचे, आणि गावाचं नावच जपानी ‘आसाही’वरून.

आदिवासींचेही आकडे दोन. वर्णाच्या प्रश्नाला 12,27,642 लोकांनी आदिवासी म्हटलं. आदिवासी वस्त्यांत ‘तुम्ही स्वतःला आदिवासी मानता का’ असा दुसरा प्रश्न होता, तो धरून 16,94,836. आम्ही रंग पहिल्या आकड्याने भरले, कारण बाकीचे चारही खाने त्याच प्रश्नाचे आहेत. दुसरा आकडा खाली लिहिला.

शेवटी बाजूचा विभागांचा नकाशा काढून टाकून राज्यांचा घेतला. ईशान्य विभाग सरासरीने 59.6 टक्के पार्डो दिसतो आणि त्यात बाहिया बुडून जातं, जिथे 22.4 टक्के कृष्णवर्णीय आहेत, देशात सर्वांत जास्त. बाहियाची राजधानी साल्वादोर, तिच्या बंदरात शतकानुशतके गुलामांची जहाजं लागली, ते एका रंगात झाकणं मला पटत नव्हतं. दक्षिणेचा फिकटपणाही आपोआप आलेला नाही. 1824ला साओ लिओपोल्दोत जर्मन वसवले, 1875पासून डोंगराळ भागात इटालियन, सरकारने जमिनी देऊन. ही दोन वर्षं आम्ही थेट नकाशावर, त्या त्या ठिकाणी छापली. आसाईजवळ जागा कमी होती, म्हणून 1908ला सांतोस बंदरात उतरलेल्या पहिल्या 781 जपान्यांची ओळ समुद्रात लिहिली.

चार वाजता नवं प्रूफ आलं. बोम जेझुस आता आजूबाजूच्या गावांसारखंच फिकट दिसत होतं. पियाउईतलं मात्र गडदच राहिलं, ते तसंच हवं होतं.